मामाचा गुडघा

उदारामले मारायचा हक्क साऱ्या घरात एकट्या मले होता.

हसू नका, खरं सांगून राहिली. आम्हा पवारायच्या घरात भाचा म्हणजे देव. मामानं भाच्यावर हात उगारला तर म्हातारपणी हात थरथरतात म्हणतात. पाया पडायचं बी आमच्यात उलटं. जगात लहानानं मोठ्याच्या पाया पडावं, आमच्यात मामानं भाच्याच्या पडावं. अन् भाच्याचा हात मामाच्या पायाले लागला तर ते पाप मामाच्या डोक्यावर. मामीचं काय, ती परक्या घरून आलेली! तिचे हात थरथरले काय अन् गळून पडले काय, कोणाले फिकीर? म्हणून मारायचं काम माह्याकडे आलं. मी आंगणात पोट्ट्याले दोन थापडा ठेवून द्याव्या, अन् आमच्या मालकायनं त्याच रडक्याचे चिखलाचे पाय धुवून त्याच्यापुढं डोकं टेकावं. मले असा राग ये! "तुमच्यानंच पोट्टा बिघडून राहिला," म्हणो मी. ते म्हणत, "तू मार ना वो. मी कुठं नाई म्हणतो?"

मालकायचं नाव मी घेत नाई. गाव त्यायले जियालाल पटेल म्हणे. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली आमच्या धानाच्या बांध्या. पण उदाराम घरी आला तवापासून ते साऱ्यायचेच मामा झाले, मी बी मामाच म्हणाले लागली.

उदाराम त्यायच्या एकुलत्या बहिणीचा, रामबाईचा. त्याचा बाप आधीच गेला होता. मंग रामबाईले ताप आला तो उतरलाच नाई. आम्ही बंडी जुंपून पोचलो तवा तिचा आवाज बसला होता. लोक मरताना लेकराचा हात कोणाच्या हातात देतात. तिनं चार वर्षांच्या पोट्ट्याले जवळ आणाले लावलं अन् त्याचे दोन्ही पाय भावाच्या ओंजळीत ठेवले. "दादा, हे आता तुह्याकडे," एवढंच बोलली. मामा ती ओंजळ तशीच धरून किती वेळ बसले होते, लोकायले वाटलं ह्याले बी काई झालं. आमच्या पोटी लेकरू नव्हतं. जे होतं ते हे, असं दोन पायांचं.

पोट्टा शिकला. तिरोड्याले शिकला, गोंदियाले राहून मॅट्रिक झाला. तवा लढाई सुरू होती अन् भरतीवाले गावोगाव फिरत. हा गेला शिपाई व्हायले! डोळे अधू, त्याले बंदूक कोण देते? कामठीच्या छावणीत जखमी शिपायांचा दवाखाना होता, तिथं वार्डात उचल-ठेव करायले ठेवलं. पहिल्या सुटीत आला अन् जेवता जेवता म्हणे, "मामी, मी मालिशच्या वर्गात नाव घातलं. पाय-हात मोडलेल्यायले पुन्हा चालतं करायचं शिकवतात."

माह्या हातची भाकर तव्यावरच जळली. "मॅट्रिक होऊन लोकायचे पाय चोळतं? अरे, मालिश तर मी बी करते बाळंतिणीची! त्याले कामठी कायले लागते?" गाव तर काय, गावाले फुकटची करमणूक. जो तो विचारे, का गा, पहिलवान होऊन राहिला का? मामायनं मात्र एकच विचारलं, "बेटा, त्यानं माणूस चालते का?"

"चालते मामा."

"मंग शीक."

तो कसा शिकला ते मी त्याच्याच तोंडून ऐकलं, तुकड्यातुकड्यानं. वर्ग चालवाले मार्थाबाई नावाची जबलपूरकडली नर्स होती, जुनी, तोंडाची तिखट. मले तर न पाहताच आवडली. पहिल्याच दिवशी एका शिपायाच्या तुटलेल्या पायावरची पट्टी निघाली अन् आमचे बहाद्दर चक्कर येऊन खाली. बाईनं तोंडावर पाणी मारलं अन् म्हणे, "गिरना है तो घर जाकर गिर। यहाँ गिरे हुए बहुत हैं।" दुसऱ्यांदा त्याचा जोर पाहून ओरडली, "आदमी का पैर है, धान की मिंजाई नहीं कर रहा तू!" शेतातला, धान मळायचा हात, जड. एका मद्राशी शिपायाचा गुडघा त्यानं घाईनं वाकवला अन् तो माणूस असा किंचाळला म्हणे, की हा दोन दिवस जेवला नाई. बाईनं त्याले वर्गातून काढलं नाई. डोळ्याले फडकं बांधलं. म्हणे, "हाथ से पूछ। जवाब आए तब आगे बढ़।"

त्यानंतर पोट्टा बदलला. मी सांगते ना, मले दिसलं. आधी घरी आला की एका जागी बसत नव्हता, बोलण्यात दुसऱ्याले मध्येच तोडे. आता कोणाचं बी ऐकून घे. पाणी मागितलं तर ग्लास हातात देताना बी समोरच्याची बोटं कशी वळतात ते पाहे. गुडघ्याचं मले त्यानंच समजावलं. म्हणे, "मामी, अडलेला गुडघा दोन गोष्टीनं अडते. एक हाडानं, नाईतर भीतीनं. हाडानं अडला असन तर हाताले दगडावर टेकल्यासारखं लागते, तिथं जोर करायचा नाई, देवाले सोडायचं. भीतीनं अडला असन तर आतलं मास धरून ठेवते, मांजर पिलू धरते तसं. ते हळूहळू सोडवता येते. पण डोळ्याले दोन्ही सारखंच दिसते. हातालेच कळते." मी म्हणलं, तुह्या बाईले एकदा आपल्या घरी आण, तिले वडे खाऊ घालते.

अन् मंग लढाई संपली त्या सालच्या कार्तिकात, मामा धानाची बंडी घेऊन तलावाच्या पाळीवरून उतरत होते. बैल कशाले बिचकले कोण जाणे. बंडी पलटली अन् मामा खाली. डाव्या मांडीचं हाड मोडलं. मुन्नालाल हाडवैद्य आला, बांबूच्या कामट्या लावून पाय कचकचून बांधला. त्याले दोष देऊ नका, हाड त्यानं नीट सरळ जोडलं. पण पाय किती तरी दिवस बांधलेलाच राहिला, अन् कामट्या सोडल्या तवा गुडघा वाकेच ना. उभा पाय, काठीसारखा. मांडी घालून जेवता येईना, बांधीत उतरता येईना, झाड्याले बसाचे बी हाल. ज्या माणसानं जिंदगीभर धान रोवला तो दारापुढच्या सपरीतल्या बाजेवर पाय लांब करून रस्ता पाहत बसे.

शिमग्याले उदाराम सुटीवर आला. दारात उभा राहिला अन् मामा काठी टेकत टेकत समोर गेले. भाचा घरी आला की पाया पडायचं, हे त्यायचं कधी चुकलं नव्हतं. ते वाकले. कंबर वाकली, पाय नाई वाकला. हात खाली जाते, जाते, अन् भाच्याच्या मांडीजवळ येऊन लटकते. पुन्हा जोर केला. पुन्हा तसंच. रस्त्यावरच्या दोन बाया फिदीफिदी हसल्या. मी त्यायच्या सात पिढ्या काढल्या, पण माह्या बी डोळ्यात पाणी आलं होतं. उदाराम सरळ बाजेवर चढून उभा राहिला, की त्याचे पाय मामाच्या हाताले पुरावे. मामायनं त्या पायावर डोकं टेकलं. मंग बाजूला झाले अन् मले हळूच म्हणे, "मी नाई वाकलो वो. पोट्टा वर चढला."

तेवढं एकच त्यायच्या मनात रुतून बसलं. बांधीचं नाई, झाड्याचं नाई. आपल्याच्यानं रामबाईच्या पोराच्या पायापाशी वाकणं होत नाई, हे.

संध्याकाळी उदाराम बाजेजवळ आला. "मामा, मले गुडघा पाहू द्या."

"पाह्य. दुरून पाह्य."

"दुरून कळत नाई. हात लावावा लागते."

"वा रे वा! भाच्याच्या हातानं पाय धरवून घेऊ?"

"गुडघा पायात नाई येत मामा."

"कंबरेखाली सारा पायच आहे," मामा म्हणे. अन् काठीनं त्याले मागं सारलं, हळूच, लागणार नाई असं.

मी दुसऱ्या दिवशी तरातरा तुलसीरामबुवाकडे गेली. समाजात त्यायचा शब्द चाले. बुवा भला माणूस. म्हणे, "रुख्माबाई, वैद्याच्या हाताले पाप नसते. तो भाचा म्हणून नाई, वैद्य म्हणून हात लावून राहिला. जियालालले सांग, मी म्हणलं." मी घरी उडतच आली. मले वाटलं, घ्या, झालं काम! मामायनं सारं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "तुलसीरामची बहीण त्याच्या ओंजळीत पाय ठेवून मेली का?"

आता याले काय बोलाल? समाज सोडते, शास्त्र सोडते, अन् हा माणूस धरून बसला. जिद्दी! जिद्दीच्या बी वर काई असन तर तो.

मंग उदारामनं दुसरा रस्ता काढला. तो तीन हात दूर उभा राहे अन् हात माहे चालत. गरम पाण्याचं फडकं कुठं ठेवायचं, तेल कसं जिरवायचं, टाच कुठं धरायची, सारं तोंडानं सांगे. "मामी, घाई नको. त्यायचा श्वास सुटला की मंग." मी थोडंसं वाकवलं की मामा "मेलो वो, मेलो" करत. उदाराम विचारे, "मामी, हाताले कसं लागून राहिलं? दगडासारखं, का मासानं धरल्यासारखं?"

"मले काय समजते? मले तुह्या मामासारखं लागून राहिलं! दोन्ही बी!"

तो हसे. पण मी पाहो, त्याचे हात आपोआप पुढं येत, अन् मंग त्याले आठवे, अन् तो ते काखेत दाबून उभा राहे. थंडी वाजते तसा. मले ते पाहवत नव्हतं. ज्या हाताले सारं कळते तो हात काखेत, अन् ज्याले काई कळत नाई तो हात गुडघ्यावर.

माहा खांदा त्यानं बरा केला, ते सांगायचं राहिलंच. दोन सालापासून माहा उजवा हात वरतं जात नव्हता. केस विंचरणं नाई, डोक्यावर पाण्याचा गुंड उचलणं नाई. मी कोणाले सांगितलं नव्हतं, सांगून कोण काय करते? तेल लावताना त्यानंच ओळखलं. मले खाली बसवलं, डोळे मिटले, एक हात खांद्यावर अन् एक कोपराखाली ठेवला. किती तरी वेळ काईच केलं नाई. मले वाटलं झोपला का हा. मंग म्हणे, "भीती आहे मामी, हाड नाई. सुटते हे." अन् सुटलं! त्या सुटीत अर्धा सुटला, दिवाळीच्या सुटीत पुरा. पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेऊन मी आंगणात आली तवा मामा बाजेवरून पाहत होते. डोळे पुसत होते अन् हसत होते. म्हणे, "पाह्य वो, पाह्य माह्या रामबाईच्या पोराचा हात!"

"मंग लावू द्या ना तो हात!" मी आंगणातूनच ओरडली. गुंडातलं पाणी माह्या अंगावर सांडलं. "गुडघ्याले लावू द्या, अन् व्हा मोकळे!"

मामायनं तोंड भिंतीकडे केलं.

थंडी सरता सरता उदारामची परीक्षा होती. नागपूरचे डॉक्टर येऊन समोर बसतात, रोगी देतात, अन् हात पाहतात म्हणे. पास झाला की तो शिकाऊ नाई राहणार, पक्का होईन. जाताना तो पुन्हा बाजेवर चढाले लागला तर मामायनं हात आडवा केला. "आता नाई. तू पास होऊन ये. तवा तू खाली उभा राहशील अन् मी वाकीन."

"मामा, जोर करू नका. मी येतो, मंग पाहू."

"तू ये त खरा."

मी शेतावर गेली की मामा काय करतात, ते मले आधी कळलं नाई. एक दिवस आंगणातल्या ओल्या सारवणावर हाताचे पंजे दिसले. मी विचारलं, हे कशाचं? म्हणे, कुत्रं आलं होतं. म्हणलं, "कुत्र्याले पाच बोटं असतात का?" तर पोट्ट्यासारखे लाजले. एकटं वाकाले जाऊ नका म्हणून मी खूप बोलली. काठी लपवून ठेवीन म्हणलं. ते हो हो म्हणत राहिले. नवऱ्याचं हो हो म्हणजे काय असते ते साऱ्या बायायले माहीत आहे.

त्या दिवशी मी लाखोळीची भाजी घेऊन परतली तर मामा आंगणात पडले होते. समोर उदारामच्या जुन्या वहाणा नीट जोडून ठेवलेल्या. त्या वहाणांपुढं वाकायची तालीम चालली होती वो! डावा पाय वाकला नाई, सारा भार उजव्यावर गेला, अन् तो चांगला पाय खुब्यात मोडला. दुखण्यानं तोंड पांढरं झालं होतं, तरी मले पाहून पहिले काय म्हणावं? "त्या वहाणा आत ठेव. पोट्ट्याले सांगू नको."

मुन्नालाल आला, पाहिलं, अन् आणलेल्या कामट्यायची मोळी सोडलीच नाई. म्हणे, खुबा माह्या हातातला नाई. गोंदियाचा डॉक्टर आणला, तो म्हणे पडून राहू द्या. पडून राहिले अन् छातीत कफ भरला. ताप चढला. तिरोड्याच्या टेसनावरून कामठीले तार केली.

उदाराम आला तवा त्याच्या दंडावर हुद्द्याची नवी कापडी पट्टी होती, आदल्याच दिवशी मिळालेली. काढायचं बी त्याले सुचलं नव्हतं. मामायनं डोळे उघडले. श्वास घरघरत होता, पण पट्टी त्यायनं आधी पाहिली.

"पास?"

"झालो मामा."

"ये. पाय आण इकडं."

तो बाजेच्या काठावर बसला अन् त्यानं आपले दोन्ही पाय उचलून मामाच्या ओंजळीत ठेवले. एवढा मोठा बाप्या, तेवीस वर्षांचा. मले तर तिथं रामबाईच दिसाले लागली. मामायनं ते पाय दाबून धरले अन् म्हणे, "वाकलो नाई बेटा. राहून गेलं." दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

बाया रडाले लागल्या, माणसं बांबू आणाले गेली. जो तो येऊन मामाच्या पाया पडून राहिला होता. अन् उदाराम सपरीच्या खांबाजवळ उभा, हात काखेत दाबून. ते पाहून माहं डोकंच फिरलं. सारं गाव ज्या पायाले हात लावून राहिलं, त्या पायाले हा एकटा नाई लावणार? मी उठली अन् साऱ्यायच्या देखत त्याले एक थापड दिली.

"आता कोणाले पाप लागते रे? ज्याले लागायचं तो गेला! धर तो पाय!"

तो खाली बसला. अंग अजून गरम होतं. एक हात डाव्या गुडघ्याखाली, एक टाचेले. डोळे मिटले, मार्थाबाईनं शिकवलं तसे. बाया रडायच्या थांबल्या. अन् तो गुडघा वाकला. माह्या डोळ्यापुढं वाकला. हळूहळू, कुठं न अडता, मांडी घालून जेवाले बसता येईन एवढा, कोणाच्या पाया पडता येईन एवढा वाकला. त्यानं तो सरळ केला अन् पुन्हा वाकवला. मुन्नालाल पाहून राहिला होता, त्यानं तोंडावर शेला धरला.

"मामी," उदाराम म्हणे, "हाड नव्हतं वो. दगड लागतच नाई कुठं. भीती होती. नुसती भीती होती." अन् त्याच गुडघ्यावर कपाळ टेकून तो असा रडला, जसा चार वर्षांचा माह्या घरी आला तवा रडला होता.

त्याले मारायचा हक्क माहा होता, तो मी त्या दिवशी वापरला. पण खरं सांगू? त्या घडीले मले मारावंसं वाटलं ते त्याच्या मामाले. एकदा, फक्त एकदा तो हात लावू दिला असता त मेल्या माणसा, तू आज वाकला असता.